चांदीपुऱ्याचा पुरावा औरंगाबादच्या माशीत होता

१९७० साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकाच्या अठ्ठावन्नाव्या खंडात जेमतेम दोन पानांचे एक टिपण छापून आले. धांडा, रॉड्रिग्ज आणि घोष अशी त्यावर तिघांची नावे होती आणि विषय एवढाच होता की, औरंगाबादेत पकडलेल्या सँडफ्लाय या इवल्याशा चावऱ्या माशीतून चांदीपुरा नावाचा विषाणू हाती लागला आहे. त्या वेळी या विषाणूने कोणाचे मूल दगावल्याची नोंद नव्हती, त्यामुळे टिपणाची बातमी होण्याचे कारणही नव्हते. पुढे तेहतीस वर्षांनी याच विषाणूने आंध्रात शेकडो घरांतली मुले दोन-दोन दिवसांत हिरावून नेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला ‘नवा विषाणू’ म्हटले. तेव्हापासून चांदीपुऱ्याचा इतिहास साथींच्या क्रमाने सांगण्याची रीत पडली आहे: १९६५ मध्ये नागपूर, २००३ मध्ये आंध्र, २०२४ मध्ये गुजरात, आणि मधली वर्षे कोरी. माझ्या मते ही मांडणीच चुकीची आहे. साथ ही या आजाराची अधूनमधून दिसणारी अवस्था आहे. माशीच्या पोटात आणि घराच्या भिंतीत मुक्काम ही त्याची नेहमीची अवस्था. ही नेहमीची अवस्था पहिल्यांदा दाखवून दिली ती औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, माशांनी. म्हणून या आजाराचा इतिहास लिहायचा तर तो साथीच्या गावांपासून नव्हे, तर साथीची मोठी नोंद नसलेल्या या गावापासून सुरू करायला हवा.

आधी नागपूरची हकीकत पाहू. १९६५ च्या उन्हाळ्यात नागपूर शहरात तापाची मोठी साथ आली होती. अंग मोडून काढणारा ताप, सांधे धरलेले, घरटी माणसे अंथरुणाला खिळलेली. तपास करायला पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र धावले. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून उभारलेली ही संस्था. १९७८ पासून तिला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. साथीत मुख्य हात चिकुनगुन्या आणि डेंग्यू यांचा निघाला. पण चांदीपुरा या वस्तीतल्या तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून तिसरेच काही बाहेर आले. भट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि प्रथेप्रमाणे विषाणूला त्या ठिकाणाचे नाव दिले. दोन्ही रुग्ण प्रौढ होते. मेंदूज्वर, झटके, बेशुद्धी यांचा तिथे संबंध आला नाही. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, रेबीजच्याच कुळातला हा विषाणू तेव्हा तरी निरुपद्रवी वाटावा असाच होता. शोध लागला तो दुसऱ्याच आजाराच्या गर्दीत, आणि ज्यांच्यात लागला ते या विषाणूचे खरे बळी नव्हतेच. नाव नागपूरकडचे पडले, पण विषाणू राहतो कुठे आणि माणसापर्यंत येतो कसा, या प्रश्नांना नागपूरच्या रक्ताने उत्तर दिले नव्हते.

ते उत्तर औरंगाबादेत मिळाले. केंद्राची कामाची रीतच अशी होती की, विषाणू सापडला की त्याला वाहणारा किडा शोधायचा. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली तेव्हा याच रीतीने गोचिडीपर्यंत माग काढला गेला होता. किडे पकडायचे, जात ओळखून वेगळे करायचे, एका जातीचे अनेक किडे एकत्र वाटायचे आणि तो अर्क दुधपित्या उंदरांच्या मेंदूत टोचून उंदीर आजारी पडतात का ते पाहायचे, हा त्या काळचा सर्वत्र रूढ मार्ग. यात सँडफ्लाय पकडणे हे डास पकडण्यापेक्षा जिकिरीचे काम. ही माशी दोन-तीन मिलिमीटरची, अंगभर लव असलेली. बसली की पंख मिटत नाही, पाठीवर वर उभारून ठेवते. उडते म्हणण्यापेक्षा भिंतीवर टुणटुण उड्या मारते आणि सहसा घरापासून फार लांब जात नाही. दिवसा अंधाऱ्या कोपऱ्यात, कोनाड्यात, गोठ्याच्या भेगांत दडते आणि दिवेलागणीनंतर बाहेर पडते. चावते ती फक्त मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागते. मच्छरदाणीच्या नेहमीच्या जाळीतून ती सहज आत शिरते. आणि डासात व तिच्यात सर्वांत मोठा फरक असा की तिला पाणी साचलेले लागत नाही. भिंतीच्या फटीतली ओलसर माती, शेणाचा चुरा, कुजलेला पालापाचोळा एवढे तिच्या अळ्यांना पुरते. डबकी बुजवून, पिंपे झाकून डासाचा बंदोबस्त होतो. सँडफ्लायच्या बाबतीत त्याचा काहीच उपयोग नाही.

मराठवाड्याचे जुने घर या माशीला सोयीचे होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. पांढऱ्या मातीच्या नाहीतर मातीत दगड बसवलेल्या जाड भिंती, वर माळवद, त्यावर मातीचा थर, ओसरीला लागून किंवा घराच्या एकाच आवारात गोठा, भिंतीत कोनाडे, जमिनीला सारवण. उन्हाळ्यात असे घर आत गार राहते, हे त्याचे मोठेपण. पण तोच गारवा आणि तीच ओल सँडफ्लायला जगवते. चार मृगाच्या सरी पडल्या की भिंतीच्या पायथ्याची माती ओलावते, फटी मऊ होतात आणि माशीची वीण वाढते. चांदीपुऱ्याच्या बहुतेक साथी जून ते सप्टेंबर या महिन्यांत येतात, हा योगायोग नव्हे. आणि याचा अर्थ मातीचे घर वाईट असाही नव्हे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी भिंतींची डागडुजी, लिंपण आणि सारवण होत असे तोवर फटी बुजत असत. भेगा उरतात त्या हे काम करणारे हात स्थलांतराला गेल्यावर आणि डागडुजीला पैसा नसल्यावर. चांदीपुरा हा खेड्यातल्या गरिबाच्या लेकराचा आजार राहिला, त्याच्या मुळाशी घराची ही अवस्था आहे.

इथे काळा आजाराचा इतिहास शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे, कारण तोही सँडफ्लायनेच पसरतो आणि तोही मुलांना फार छळतो. १९०३ साली लिशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी त्याचा परजीवी ओळखला. रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावे एकत्र गुंफून त्याचे बारसे केले. विसाच्या दशकात कलकत्त्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी युरिया स्टिबामाइन हे औषध देऊन हजारो माणसे वाचवली. त्याच दशकात सिंटन यांनी काळा आजाराचा आणि ‘फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस’ या सँडफ्लायचा नकाशा एकमेकांशी ताडून संशयाचे बोट माशीकडे नेले. १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी, माशीच्या चाव्यातूनच माणसाला हा आजार होतो, हे प्रयोगाने सिद्ध केले. परजीवी हाती लागल्यापासून वाहक सिद्ध होईपर्यंत एकोणचाळीस वर्षे लागली, पण शोध तुटला नाही. कारण काळा आजार रेंगाळतो. मुलाचा ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही, प्लीहा वाढून पोट पुढे येते, हातपाय काटक्या होतात. असा रुग्ण डॉक्टरला दिसतो, मोजता येतो, नकाशावर टिंब म्हणून टिपता येतो. बंगाल, आसाम, बिहार यांचे नकाशे त्यामुळेच काढता आले. दख्खन त्या नकाशात अपवाद ठरले: सँडफ्लाय इथेही होती, पण काळा आजाराने महाराष्ट्रात मूळ धरले नाही. आणि या अपवादानेच आपली दिशाभूल केली. काळा आजार नाही म्हणजे सँडफ्लायची चिंता नाही, असे समीकरण बसून गेले. इथली माशी दुसरेच काही वाहते आहे हे औरंगाबादचे टिपण सांगत होते. पण त्या दुसऱ्या आजाराला नकाशावर उतरण्याइतका वेळच नसतो.

तो वेळ किती अपुरा असतो ते पाहण्यासारखे आहे. संध्याकाळपर्यंत अंगणात खेळणारे मूल रात्री तापाने फणफणते, उलट्या होतात, पहाटे झटके येतात, डोळे फिरतात, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बरेचदा सगळे संपते. खेड्यात यावर ‘ताप डोक्यात गेला’ एवढेच निदान होते. नाहीतर बाहेरचे झाले म्हणून आधी देवऋषी आणि मग दवाखाना. जिल्ह्याच्या रुग्णालयात मूल पोचले तरी रक्त आणि पाठीच्या मणक्यातले पाणी काढून पुण्याला धाडण्याइतकी सवड मिळेलच असे नाही. कागदावर ‘मेंदूज्वर’ लिहिले जाते आणि त्या एका शब्दाखाली जपानी मेंदूज्वर, मेंदूत गेलेला मलेरिया, क्षयाचा मेंदूदाह आणि चांदीपुरा सगळे एकत्र पडतात. १९८० साली जबलपूरच्या मेंदूविकाराच्या एका रुग्णाच्या रक्तातून हाच विषाणू मिळाला आणि १९८३ मध्ये ते प्रसिद्धही झाले. त्याच वर्षी टेश आणि मोदी यांनी दाखवले की, ‘फ्लेबोटोमस पापातासी’ जातीची सँडफ्लाय हा विषाणू अंड्यांतून पुढच्या पिढीला देते. या दुसऱ्या शोधाचे वजन फार मोठे आहे. माशीच आपल्या संततीला विषाणू देत असेल, तर तो टिकायला आजारी माणूस लागतच नाही. साथ नसलेल्या वर्षांतही तो भिंतीत टिकून राहू शकतो. औरंगाबाद, जबलपूर आणि हा प्रयोग हे तीन धागे १९८३ मध्येच एकत्र बांधता आले असते. ते बांधले गेले नाहीत.

२००३ च्या उन्हाळ्याअखेरीस तेलंगणाच्या भागात आणि त्याला लागून असलेल्या जिल्ह्यांत मुले दगावू लागली. त्या साथीत आंध्र प्रदेशात ३२९ मुलांची नोंद झाली आणि त्यांपैकी १८३ मरण पावली. पुण्याच्या संस्थेने अनेक मुलांच्या नमुन्यांत चांदीपुरा विषाणू, त्याचे आरएनए किंवा त्याविरुद्धची प्रतिपिंडे दाखवली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. ओळख एवढी लवकर पटली, कारण १९६५ चा मूळ विषाणू पुण्याच्या साठ्यात जपून ठेवलेला होता. पुढच्याच वर्षी पूर्व गुजरातेत साथ आली, २००७ मध्ये नागपूर विभागात. ज्या करीमनगर-वरंगळ पट्ट्यात हा आजार ठाण मांडून बसलेला दिसला तो आणि औरंगाबाद १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्ये वेगळी झाली, नोंदवह्या वेगळ्या झाल्या. पण प्रयोगशाळा एकच राहिली होती. म्हणून तुटलेल्या धाग्यांचे खापर केवळ सरहद्दींवर फोडता येत नाही. साथ आली की पळायचे आणि साथ सरली की फाइल मिटायची, ही सवय त्याला जास्त जबाबदार आहे.

या मांडणीवर काही आक्षेप येऊ शकतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, एका ठिकाणच्या माशांत विषाणू सापडला म्हणून माशी वाहक ठरत नाही. तिने नुकतेच एखाद्या बाधित प्राण्याचे रक्त प्यायले असेल. हे १९७० पुरते अगदी खरे होते. पण त्यानंतर २००५ मध्ये करीमनगर जिल्ह्यातल्या ‘सर्जेंटोमिया’ गटाच्या सँडफ्लायमध्ये आणि पुढे नागपूरकडच्या त्याच गटाच्या माशांत हा विषाणू मिळाला. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्येही तो सँडफ्लायमध्येच मिळाला. तीन दशकांहून अधिक काळात, दोन खंडांत, पुन्हा पुन्हा एकाच कुळाचा किडा हाती लागतो तेव्हा योगायोगाची सबब टिकत नाही. दुसरा आक्षेप डासांचा. प्रयोगशाळेत एडिस जातीचा डासही हा विषाणू वाढवू आणि देऊ शकतो, मग दोष एकट्या सँडफ्लायचा का? कारण प्रयोगशाळेत काय शक्य आहे आणि गावात काय घडते हे दोन प्रश्न आहेत. गावातल्या पकडलेल्या किड्यांचा कौल आजवर सँडफ्लायच्या बाजूने आहे. एडिस शहरात भरपूर आहे, पण शहरांत या आजाराच्या साथी उसळलेल्या नाहीत. त्या खेड्यांत, वाड्यांत, पाड्यांवर येतात.

तिसरा आक्षेप जास्त मुळावर येतो. २००३ च्या साथीतली मुले मेंदूज्वराने नव्हे, तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या झटक्याने गेली, आणि त्याला चांदीपुरा कारण ठरत नाही, असे आंध्रातल्याच काही डॉक्टरांनी त्या वेळी मांडले. मेंदूच्या छायाचित्रांत त्यांना पक्षाघाताच्या खुणा दिसल्या होत्या. ही निरीक्षणे मोडीत काढायचे कारण नाही; मेंदूत नेमके काय बिघडते हा वाद वैद्यकात राहील. पण तो मृत्यूच्या रीतीचा वाद आहे, विषाणू हजर असण्याचा नव्हे. २००५-०६ मध्ये वरंगळच्या रुग्णालयातल्या मुलांचा साथीबाहेरच्या काळात अभ्यास झाला, तेव्हाही उत्तर तेलंगणातल्या बालमेंदूज्वराचे मोठे कारण चांदीपुराच निघाले. शिवाय त्या भागातल्या प्रौढांच्या रक्तात याची प्रतिपिंडे सर्रास आढळली आणि म्हशी, गुरे, डुकरे, शेळ्या यांच्यातही मिळाली. याचा अर्थ बहुतेकांना बालपणी कधीतरी हा विषाणू गाठतो, साधा ताप येऊन जातो, आणि थोड्या अभागी मुलांच्या बाबतीत तो मेंदूपर्यंत पोचतो. १९६५ च्या नागपूरच्या प्रौढ रुग्णांचे कोडेही यामुळे काहीसे सुटते: मोठ्या माणसाला ताप आणून निघून जाणे हेच या विषाणूचे नेहमीचे वागणे असावे.

शेवटचा आक्षेप थेट औरंगाबादवर येतो. मोठ्या साथींची यादी विदर्भ, तेलंगण आणि पूर्व गुजरात अशी वाचली जाते. त्यात या जिल्ह्याचे नाव ठळकपणे येत नाही. मग इथल्या माशांना एवढे महत्त्व का? आणि १९७० मध्ये कोणी मूल दगावले नसताना सरकारने करायचे तरी काय होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, त्या वर्षी फार काही नाही. ज्या शास्त्रज्ञांनी ते टिपण लिहिले त्यांनी आपले काम चोख केले आणि पुढचे ओळखण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करणे हा पश्चातबुद्धीचा अन्याय ठरेल. पण १९८३ नंतर ही सबब उरत नाही. आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर तर उलटेच आहे: साथ नसताना विषाणू सापडला, म्हणूनच औरंगाबादचा पुरावा मोलाचा. साथीच्या गावात माशीत विषाणू मिळाला तर तो माणसांकडून माशीकडे गेला असे म्हणायला जागा राहते. मुले आजारी नसलेल्या गावात तो मिळाला, तर तो तिथे मुक्कामाला आहे असेच मानावे लागते. साथ नसणे म्हणजे विषाणू नसणे नव्हे, हा या आजाराच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे आणि तो फक्त अशाच ठिकाणाहून मिळू शकत होता.

या धड्याचा व्यवहारात काय अर्थ होतो हे मलेरियाच्या मोहिमेवरून समजते. १९५३ साली मलेरिया नियंत्रणाचा आणि १९५८ साली निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी भिंतींवर डीडीटी मारले गेले. रोख डासांवर होता, पण भिंतीत राहणारी सँडफ्लायही त्यात मेली. बिहारमधला काळा आजार साठच्या दशकात जवळजवळ दिसेनासा झाला आणि फवारणी थांबल्यावर सत्तरच्या दशकात मोठी साथ घेऊन परतला. सँडफ्लायवर हेतुपुरस्सर मोहीम नसताना मिळालेले ते यश होते, म्हणून टिकले नाही. २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात, मुख्यतः गुजरातेत, मेंदूज्वरसदृश आजाराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा निश्चित झाला. तेव्हाही भिंतींच्या फटींत मॅलाथिऑनची भुकटी मारायला पथके निघाली ती मुले दगावल्यानंतर. या आजारावर लस नाही, विषाणूवर थेट औषध नाही. डॉक्टरच्या हाती ताप उतरवणे, झटके थांबवणे, मेंदूवरची सूज कमी करणे एवढेच उरते. म्हणजे मूल वाचवण्याची जागा रुग्णालयाच्या आधी, घराच्या भिंतीपाशी आहे. बुजवलेली भेग, लिंपलेली भिंत, माणसांच्या झोपण्यापासून दूर नेलेला गोठा आणि बारीक जाळीची मच्छरदाणी यांना पावसाळ्यापूर्वीच्या सरकारी कामात डबकी बुजवण्याइतकेच स्थान मिळायला हवे. आणि किडे पकडून तपासण्याचे काम साथ आलेल्या जिल्ह्यांपुरते न ठेवता साथ न आलेल्या जिल्ह्यांतही दरवर्षी व्हायला हवे, कारण विषाणू आधी माशीत दिसतो, मुलात नंतर. हे उलट क्रमानेही करता येते, म्हणजे आधी मुले मोजायची आणि मग माशा शोधायच्या. आपण आजवर तेच केले आणि त्याची किंमत २००३ मध्ये एका राज्यात १८३ मुले एवढी पडली. औरंगाबादच्या माशांनी आपल्याला ‘आधी माशी’ हा क्रम पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी दाखवला होता. तो अजूनही वापरता येतो, आणि त्यासाठी नवे शास्त्र लागत नाही; साथ नसलेल्या वर्षीही निधी आणि माणसे लागतात.